प्रतवारी

डॉक्टर आवटी ओठांना नंबर देतात.
काही नसलं तर शून्य.
कोरडे, ओढल्यासारखे – एक.
साल सुटतंय, कडेला लाली – दोन.
कोपरे चिरलेत, रक्त दिसतंय – तीन.
"आ कर," म्हणतात, आणि बारीक बॅटरी
तोंडाच्या डाव्या कोपऱ्यात उतरवतात,
हरिपूरच्या पेवात आधी कंदील सोडायचे तशी :
खाली हवा आहे का बघायचं,
माणूस मागाहून.

प्रतवारी मलाही कळते.
सांगलीच्या मार्केट यार्डात सहा वर्षं
मगदूमांच्या अडतीवर पट्ट्या लिहिते मी.
भूपालअण्णा शेंग कानाजवळ धरून मोडतात.
खणकन वाजली तर वाळलेली.
नुसती लवली तर ओल आहे, भाव पाडा.
मग आतला रंग बघतात.
बाहेरून काय, पॉलिश कुणीही करून आणतं.

मुरुमांची गोळी सुरू झाली पौषात.
गाल निवळत गेले
आणि खालचा ओठ मधोमध उभा फुटला.
त्यात सौद्यांचे दिवस. हवेत पिवळी धूळ,
ती बरोबर त्या भेगेत जाऊन बसायची.
हळदीनं जखम भरते म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी एकदा फुटक्या ओठानं
वखारीत दुपार काढून दाखवावी.

दोन, लिहिलं डॉक्टरांनी. पुढच्या खेपेला तीन.
मी नंबर ऐकून घेतला. खोटा नव्हता.
पण जांभई अर्ध्यात गिळावी लागते
ते कुठल्या नंबरात धरायचं?
ठेचा सुटला. कपाला लागलेलं रक्त
कुणी बघायच्या आत पुसायची सवय लागली.
आणि हसू आलं की आधी हात ओठांवर,
भेग उसवू नये म्हणून.
इचलकरंजीच्या पाहुण्यांनी त्याच हातावरून
मुलगी लाजरी आहे, पसंत आहे,
असा निरोप धाडला.

मग शीतलदादा सुट्टीवर आला.
दादा भूपालअण्णांची नक्कल करतो :
जेवताना पापड कानाशी धरून मोडतो,
डोळे मिटतो, आणि गंभीरपणे म्हणतो,
"ओल आहे. दोनशे कमी."
पहिल्या रात्री मी हात धरून हसले
आणि तरी रक्त आलं.
दुसऱ्या दिवसापासून गोळी उशीखाली.
अकरा दिवस. अकरा गोळ्या.
आईला वाटलं, घेतेय.
दादा गेला त्या दिवशी एसटी स्टँडवर
मी तोंड उघडं टाकून हसत होते,
डोळ्यांतलं पाणी ओठांवर आलं
आणि झोंबलं नाही.

काल बॅटरी पुन्हा उतरली.
डावा कोपरा. उजवा. मधली भेग.
"शून्य," म्हणाले डॉक्टर,
आणि पेन कागदावर टेकलं नाही.
मला वाटलं होतं, खूश होतील.
"गोळी रोज घेतेस?"
"हो."
बाहेरच्या सिस्टर मागे बोलून गेल्या होत्या,
या गोळीत ओठ फुटले नाहीत
तर आम्ही पाकीट मोजायला मागतो.
पर्समधलं पाकीट मांडीवर जड झालं.

ते काही बोलले नाहीत.
माझ्या तोंडाकडं बघत राहिले थोडा वेळ,
शेंग हातात होती, पण मोडली नाही.
विसाच्या जागी दहा लिहिलं.
जेवणात चमचाभर तूप घे, गोळी त्यावर.
मलम दिवसातून सहादा, यार्डात जायच्या आधीसुद्धा.
आणि दार ढकलताना मागून,
"पुढच्या महिन्यात एक आणायचा.
शून्य नको मला. तीनही नको.
एक चांगला असतो."

विश्रामबागच्या जिन्याखाली
स्कूटीची किल्ली शोधताना
चिठ्ठी ओठांत धरली मी, सवयीनं.
मग आठवलं, महिन्यापूर्वी असाच कागद
सालासकट निघाला होता.
जपून ओढला.
सुटून आला. कोराच.
घरी गेल्यावर उशी उचलली
आणि पहिली दहाची गोळी
तुपाच्या वरणभातावर घेतली.